हेवा वाटतो मित्राचाच

आपल्या पूर्वजांनी माणसाचे सहा शत्रू मोजून ठेवले आहेत. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर. यादीत मत्सराचा नंबर शेवटचा. आणि शेवटचा म्हणूनच की काय, त्याच्याकडे आपले लक्ष जरा कमी जाते. बाकीच्यांची कबुली माणसे किती सहज देतात पाहा. ‘आमचा स्वभाव मुळातच तापट,’ असे सांगताना एखाद्या गृहस्थाच्या आवाजात थोडा अभिमानही डोकावतो. श्रीखंडाची तिसरी वाटी पुढे ओढताना आपण आपला लोभ हसत हसत मान्य करतो. परंतु ‘मला माझ्या मित्राचा मत्सर वाटतो,’ असे चारचौघांत म्हणणारा मनुष्य मला तरी अजून भेटायचा आहे.

या शत्रूची दुसरी एक खोड अशी, की तो फार लांब हिंडत नाही. कोट्यधीशाच्या महालावरून जाताना आपल्याला नवल वाटते, क्वचित चीडही येते. पण झोप उडते ती समोरच्या बिऱ्हाडात नवी गाडी आली म्हणजे. हेव्याला जवळचा माणूस लागतो, आणि सोळा-सतराव्या वर्षी सर्वांत जवळचा माणूस असतो तो मित्र. आईबाप त्या वयात जरा दूर सरकलेले असतात, बायकामुले अजून यायची असतात. साऱ्या जगाची जागा एकट्या मित्राने भरलेली असते. मैत्रीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो त्या कृष्ण-सुदाम्याच्या. त्यांत पोहे असतात, आलिंगन असते, डोळ्यांत पाणी असते. एकाच गुरूच्या घरी शिकणाऱ्या त्या दोघांना एकमेकांचा हेवा वाटला असेल का, असा प्रश्न त्या कथेला कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न पुरेपूर विचारणारी एक इंग्रजी कादंबरी आहे. जॉन नोल्स या अमेरिकन लेखकाची ‘अ सेपरेट पीस’. नावाचा अर्थ सांगायचा तर ‘वेगळा तह’. सारे जग लढत असताना एखाद्याने आपल्यापुरता केलेला तह. हेमिंग्वेच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या १९२९च्या कादंबरीतला नायक रणांगण सोडून निघतो, तेव्हा त्याच्या मनात हाच शब्द येतो. नोल्सच्या पुस्तकातही युद्ध आहे. पण त्यातली खरी लढाई एका वसतिगृहाच्या खोलीत, दोन खाटांच्या मधल्या जागेत होते. तिची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. कारण हेवा मनात कसा शिरतो, कुठे लपतो आणि कोणते सोंग घेऊन बाहेर पडतो, याचा इतका बारीक हिशेब दुसऱ्या कोणा कादंबरीकाराने मांडलेला माझ्या वाचनात नाही.

लेखक आणि पुस्तक

नोल्सचा जन्म १९२६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरमाँट या गावी झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथून तो शिकायला गेला थेट उत्तरेला, न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमी या १७८१ साली स्थापन झालेल्या नामांकित निवासी शाळेत. १९४५ मध्ये शाळा आणि १९४९ मध्ये येल विद्यापीठ, असे त्याचे शिक्षण पुरे झाले. १९५६ साली एका मासिकात त्याची ‘फिनिअस’ नावाची कथा आली. तिचीच पुढे कादंबरी झाली. अमेरिकन लेखकाचे, अमेरिकन शाळेवरचे हे पुस्तक प्रथम छापले गेले मात्र लंडनमध्ये, १९५९ साली. न्यूयॉर्कला ते निघायला १९६० उजाडले. पुढे त्याला फॉकनर फाउंडेशनचे पारितोषिक मिळाले, १९७२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि अमेरिकन शाळांतून मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या ते अभ्यासू लागल्या. नोल्स २००१ साली वारला. त्याने आणखीही कादंबऱ्या लिहिल्या. पण लोकांच्या ध्यानात तो राहिला आहे तो या पहिल्या पुस्तकाचा लेखक म्हणून.

कादंबरीतल्या शाळेचे नाव डेव्हन. ती एक्झिटरवरूनच बेतलेली आहे. फिनिअस हे पात्रही अगदी हवेतून आलेले नाही. १९४३च्या उन्हाळी वर्गांसाठी एक्झिटरला आलेल्या डेव्हिड हॅकेट नावाच्या मुलावरून ते सुचले. हा हॅकेट पुढे रॉबर्ट केनेडी यांचा निकटचा सहकारी झाला, आणि २०११ सालापर्यंत जगला. कादंबरीतल्या फिनिअसला मात्र एवढे आयुष्य नाही.

दोघांची उंची

काळ १९४२चा उन्हाळा. पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला होऊन सहा-सात महिने झाले आहेत. अमेरिका युद्धात उतरली आहे आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सक्तीच्या लष्करभरतीचे वय अठरावर येणार आहे. डेव्हन शाळेतली वरच्या वर्गाची मुले कवायती करीत आहेत. त्यांच्याहून एक वर्षाने लहान असलेली, सोळा वर्षांची मुले मात्र अजून मोकळी आहेत. युद्धाच्या गडबडीत भरवलेल्या या उन्हाळी वर्गांत मास्तरांनीही शिस्तीचा दोर सैल सोडला आहे. मुलांकडे पाहून त्यांना जणू आठवण होत असते, की शांततेचे दिवस असेच होते.

गोष्ट सांगतो तो जीन फॉरेस्टर. दक्षिणेकडचा, हुशार, सावध मुलगा. परीक्षेत पहिला येण्याच्या तयारीत असलेला. त्याच्या खोलीतला जोडीदार फिनिअस, सगळ्यांचा फिनी. शाळेतला सर्वांत चांगला खेळाडू. अभ्यासात बेताचा, बोलण्यात कोणालाही गुंडाळून ठेवणारा. आणि नियम मोडतानाही मनात कपट नसलेला.

दोघांची पहिली ओळख नोल्स करून देतो ती उंचीवरून. जीन सगळ्यांना आपली उंची पाच फूट नऊ इंच सांगत असे. फिनी त्याच्या खोलीत राहायला आला आणि चारचौघांत सरळ म्हणाला, की छे, याची उंची माझ्याएवढीच आहे, पाच फूट साडेआठ इंच. आम्ही दोघे जरा बुटकेच. त्यात टोमणा नव्हता. फिनीला स्वतःचा अर्धा इंच लपवण्याची गरज कधी भासलीच नव्हती, म्हणून दुसऱ्याला ती भासत असेल हे त्याच्या ध्यानातही आले नाही. सोळा वर्षांच्या मुलाला अर्धा इंच किती मोठा असतो, हे ज्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

इथे मराठीच्या मास्तराला एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. ‘बरोबर’ हा तो शब्द. ‘तो माझ्याबरोबर आहे’ म्हणजे सोबतीला आहे. ‘तो माझ्या बरोबरीचा आहे’ म्हणजे तोडीस तोड आहे. आणि ‘त्याची बरोबरी करू नकोस’ असे म्हटले की त्यात चढाओढ आली. सोबत, समानता आणि स्पर्धा या तिन्हींची सोय आपल्या भाषेने एकाच शब्दात करून ठेवली आहे. जीनची सारी व्यथा या शब्दात मावते. फिनी त्याच्याबरोबर आहे. पण तो त्याच्या बरोबरीचा आहे की नाही, हे त्याला कळेनासे झाले आहे.

पहिली ठिणगी

हेवा एकदम भडकत नाही. नोल्स त्याच्या ठिणग्या एकेक दाखवतो. एकदा प्रभारी हेडमास्तरांच्या घरी चहापानाला मुले जमतात. फिनीने गुलाबी सदरा घातला आहे; कसला, तर मध्य युरोपवर बाँबहल्ला झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ! त्यावर कमरेला पट्टा म्हणून बांधला आहे शाळेचा टाय. शाळेचे निशाण ज्यावर आहे तो टाय विजारीला बांधणे म्हणजे केवढा अपराध! हेडमास्तरीणबाईंच्या ते ध्यानात येते. आता फिनी चांगला सापडला, असे जीनला वाटते. फिनी मात्र असे काही बोलत सुटतो, की कडक हेडमास्तरांनाही हसू आवरत नाही आणि तो सहीसलामत सुटतो. त्या क्षणी जीनच्या मनात काय येते? मित्र वाचला म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा हिरमोड होतो. आपण मजा पाहायला मिळेल म्हणून वाट पाहत होतो, एवढेच आपल्याला वाटले, असे म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. हा हिरमोड फार ओळखीचा आहे. शेजारच्या मुलाला कमी गुण पडले हे ऐकून ‘अरेरे’ म्हणण्यापूर्वी जो अर्धा क्षण जातो, त्याच अर्ध्या क्षणात तो राहतो.

दुसरी ठिणगी पोहण्याच्या तलावावर पडते. शंभर यार्डांच्या शर्यतीचा शाळेचा जुना विक्रम फळ्यावर लिहिलेला असतो. फिनी तो वाचतो, जीनच्या हाती वेळ मोजायचे घड्याळ देतो, पाण्यात उडी घेतो आणि तो विक्रम मोडतो. तलावावर दुसरे कोणी नाही. उद्या अधिकृत साक्षीदार बोलावून पुन्हा पोहू, असे जीन म्हणतो. फिनीला त्याची गरज वाटत नाही. जमते का एवढे पाहायचे होते, ते पाहून झाले. शिवाय कोणाला सांगायचे नाही, अशी तो ताकीद देतो.

ही उदारता जीनला पेलत नाही. त्याचा स्वतःचा सारा उद्योग गुणपत्रिकेसाठी चाललेला. वर्गात त्याचा एकच प्रतिस्पर्धी होता, चेट डग्लस नावाचा. हा चेट व्होल्टेअरचे ‘कांदीद’ वाचताना त्यात इतका रमला, की वर्ग पुढच्या लेखकावर गेला तरी तो आपला व्होल्टेअरच वाचत बसला. जीनच्या मते ही चेटची कमजोरी. त्याला अभ्यासाची खरी आवड आहे, म्हणून तो परीक्षेत मागे पडणार! आम्ही शिकवणारे लोक या वाक्याशी जरा थबकतो. कारण असा हिशेब मांडणारी मुले आम्ही रोज पाहतो, आणि तो हिशेब आम्हीच त्यांना शिकवलेला असतो. ज्याला प्रत्येक गोष्टीची नोंद हवी असते, त्याच्यासमोर विक्रम करून तो विसरून जाणारा मित्र उभा राहिला, तर त्याने जावे कोठे?

गुणांत दोष

फिनी एक मंडळ काढतो. नदीकाठी एक उंच झाड आहे. त्याच्या फांदीवरून पाण्यात उडी घ्यायची, रोज संध्याकाळी. आणि पहिली उडी जीन व फिनीने घ्यायची. जीनला त्या झाडाची मनस्वी भीती वाटते. पण नाही म्हणवत नाही. एकदा फांदीवर त्याचा तोल जातो आणि फिनी चटकन हात धरून त्याला सावरतो. त्याने जीव वाचवला, हे खरेच. परंतु खोलीवर परतल्यावर जीन विचार करतो, की याच्यामुळेच तर मी झाडावर चढलो होतो. मग उपकार कसले?

मग एके दिवशी अभ्यास बुडवून दोघे सायकलींवरून दूर समुद्रावर जातात. रात्री वाळूत झोपताना फिनी साधेपणाने सांगतो, की तू माझा सर्वांत जिवलग मित्र आहेस. अशी गोष्ट त्या शाळेत कोणी बोलून दाखवीत नसे. बोलायला धैर्य लागत होते. जीनला उत्तर द्यावेसे वाटते, पण ओठांवर येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन तो त्रिकोणमितीच्या चाचणीला बसतो आणि आयुष्यात प्रथमच नापास होतो.

त्याच सुमारास जीनच्या डोक्यात तो विचार लख्ख उजळतो. मी पहिला आलो तर तुला काय वाटेल, असे तो फिनीला विचारतो. फिनी थट्टेत म्हणतो, की मी हेव्याने जीवच देईन. झाले! थट्टा हा पडदा आहे, आतली गोष्ट खरी आहे, असे जीन धरून चालतो. समुद्रावरची सहल, ते झाडाचे मंडळ, रोज नवे निघणारे खेळ, हे सगळे आपला अभ्यास बुडवण्यासाठी रचलेले कारस्थान होते, असा त्याचा निश्चय होतो.

अमरकोशात ‘असूया’ या शब्दाचा अर्थ दिला आहे, तो इथे तंतोतंत लागू पडतो. दुसऱ्याच्या गुणांवरही दोषाचा आरोप करणे म्हणजे असूया. हेवा वाटणाऱ्याला मित्राचे दोष मुळी पुरत नाहीत. त्याला त्याचे गुणच दोष करून दाखवावे लागतात. हात देऊन वाचवले, हा डाव ठरतो. जिवलग म्हटले, हे जाळे ठरते.

आणि याहून मार्मिक गोष्ट पुढेच आहे. मित्र आपला शत्रू आहे असे ठरल्यावर जीनला वाईट वाटायला हवे. पण त्याला हलके वाटते! कारण आता दोघे पुन्हा सारखे झाले. मी त्याचा हेवा करतो, तो माझा करतो; फिटंफाट. मैत्रीत जी बरोबरी साधत नव्हती ती वैरात साधली. या भावनेचे इतके स्वच्छ निदान मी अन्यत्र वाचलेले नाही. आपला हेवा आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण समोरच्यालाही हेवेखोर करून टाकतो.

फांदीवर

हे सोंग टिकते ते थोडेच दिवस. फ्रेंचच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फिनी खोलीत येतो. लेपर नावाचा बुजरा मुलगा आज झाडावरून उडी मारणार आहे; चल लवकर! जीनचा राग उफाळतो. माझा अभ्यास पुन्हा बुडवायला आलास, असे तो सुनावतो. फिनी गोंधळून त्याच्याकडे पाहतो. जीनला अभ्यास करावा लागतो, हेच त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला खेळ जसे सहज येतात तशी जीनला विद्या येत असेल, अशी त्याची समजूत होती. करायचा असेल तर जरूर अभ्यास कर, असे तो मनापासून सांगतो.

एका क्षणात कारस्थानाचा सारा डोलारा कोसळतो. फिनीने कधी हेवा केलाच नव्हता. आणि कादंबरीतली सर्वांत कठीण गोष्ट हीच, की हे कळल्याने जीन सुखावत नाही. त्याला ते सोसवत नाही. शत्रू मानला होता तोवर दोघे एका पातळीवर होते. आता कळले, की चढाओढ एकट्याचीच चालली होती. दुसरा मैदानात उतरलाच नव्हता.

याच मनःस्थितीत तो झाडाकडे जातो. फिनी म्हणतो, की आज दोघे बरोबर उडी घेऊ. दोघे वर चढतात. फिनी फांदीच्या टोकाकडे सरकतो. जीन एक पाऊल पुढे टाकतो, त्याचे गुडघे वाकतात आणि फांदी हलते. फिनी वळून एकवार त्याच्याकडे पाहतो आणि काठावर कोसळतो. त्यानंतर जीन त्याच फांदीवरून निर्धास्तपणे पाण्यात उडी मारतो. इतक्या दिवसांची त्याची भीती पार नाहीशी झालेली असते.

फांदी जीनने हलवली की हलली? नोल्स सांगत नाही. पुस्तक इंग्रजी असल्यामुळे आमच्या मराठीच्या तासाशी त्याचा संबंध नाही. तरी एखाद्या मोकळ्या तासाला मी ही गोष्ट सांगतो, तेव्हा वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, त्याने मुद्दाम पाडले; दुसरा म्हणतो, तो अपघात होता. तावातावाने वाद होतो. माझे लक्ष असते ते वाद न घालणाऱ्या दोन-चार मुलांकडे. त्यांना बहुधा माहीत असते, की मनुष्य काही गोष्टी ठरवून करीत नाही, आणि तरी त्या त्याच्याच असतात.

मित्राने कबुली नाकारली

फिनीच्या पायाच्या हाडाचा चुरा होतो. खेळणे संपले, असे डॉक्टर सांगतात. जीन एकटा असताना फिनीचा तो गुलाबी सदरा अंगात घालून आरशासमोर उभा राहतो. आणि आरशात आपण फिनीच आहोत असे पाहून त्याला विलक्षण समाधान वाटते. हेव्याच्या तळाशी काय असते ते या एका प्रसंगाने कळते. त्याचे जे आहे ते मला हवे, एवढ्याने हेवा थांबत नाही; मला तोच व्हायचे असते.

पुढे तो बॉस्टनजवळ फिनीच्या घरी जातो आणि सांगून टाकतो, की मीच तुला पाडले. फिनी ऐकून घेत नाही, संतापतो. आपण बोलून त्याला दुसऱ्यांदा जखमी करीत आहोत, हे जीनच्या ध्यानात येते आणि तो माघार घेतो. कबुली देणाऱ्याचे ओझे हलके होते. ते उचलायचे कोणी, हा प्रश्न कबुलीच्या कैफात आपण विसरतो.

फिनी कुबड्या घेऊन शाळेत परततो. मला खेळता येत नाही तर तू खेळ, असे म्हणून तो जीनला तयार करू लागतो. कशासाठी, तर १९४४च्या ऑलिंपिकसाठी. युद्ध चालू असताना ऑलिंपिक कसले, असे जीन म्हणतो. युद्ध खोटे आहे, असा फिनीचा सिद्धांत. लठ्ठ म्हाताऱ्या लोकांनी तरुणांना दाबून ठेवण्यासाठी उठवलेली ती आवई आहे. लंडनला ठरलेले १९४४चे ते सामने युद्धामुळे झालेच नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे बर्फातून पळणारा जीन आणि झाडाला टेकून त्याची वेळ मोजणारा लंगडा फिनी, हे चित्र पाहताना घशात आवंढा येतो.

शेवट थोडक्यात सांगतो. थट्टेखोर मुलांचे एक टोळके एका रात्री खोटे न्यायालय भरवते आणि फांदीचे प्रकरण उकरून काढते. साक्ष देतो लेपर. तो सैन्यात जाऊन, मन दुभंगून पळून आलेला असतो. सत्य ऐकायला लागू नये म्हणून फिनी उठून निघतो, संगमरवरी जिन्यावरून कोसळतो आणि तोच पाय पुन्हा मोडतो. हाड बसवताना आतली मज्जा रक्तात उतरते, हृदय बंद पडते आणि फिनी जातो.

परंतु जाण्यापूर्वी दोघांची एक भेट होते, आणि माझ्या मते ती या कादंबरीची गुरुकिल्ली आहे. इतके महिने फिनी गुपचूप पत्रे लिहीत होता; सैन्यात घ्या, म्हणून. चुंगकिंगपासून ओटावापर्यंत सगळीकडे लिहिले; पण मोडक्या पायाच्या मुलाला कोणी घेईना. म्हणजे युद्ध खोटे आहे, हे त्याला स्वतःलाही पटलेले नव्हते. जे बरोबरीच्या मुलांना मिळणार ते आपल्याला मिळणार नाही, हे दुःख त्याला सोसत नव्हते. म्हणून त्याने ते युद्धच नाहीसे करून टाकले होते.

फिनी हा देवदूत आहे, असला मुलगा जगात असत नाही, असा आक्षेप काही वाचक घेतात. मला तो पटत नाही. हेवा फिनीलाही झाला. अखेरीस तोही सोळा-सतरा वर्षांचा मुलगाच. तो सोसण्यासाठी त्यानेही एक खोटी गोष्ट रचली. फरक इतकाच, की जीनने रचलेल्या गोष्टीत मित्राचा शत्रू झाला. फिनीने रचलेल्या गोष्टीत कोणाचेच वाईट झाले नाही, उलट मित्राला त्यात ऑलिंपिकची जागा मिळाली. हेवा टाळता येणे कोणाच्या हाती नसेल. तो झाल्यावर मनाशी कोणती गोष्ट रचायची, एवढेच माणसाच्या हाती असते. ही कादंबरी मला शिकवते ते हे.

मोठ्यांची गैरहजेरी

आपल्या महाभारतातही हेव्याचे मोठे प्रकरण आहे. राजसूय यज्ञात पांडवांचे वैभव पाहून आलेला दुर्योधन झुरणीला लागतो. पण दुर्योधनाचे एक बरे होते. त्याने आपला मत्सर लपवला नाही. मामाला सांगितला, बापाला सांगितला. दुर्दैव असे, की मामाने त्यात तेल ओतले आणि बापाला तो थोपवता आला नाही. जीन फॉरेस्टरला तर सांगायलाही कोणी नाही. या साऱ्या पुस्तकात मोठी माणसे आहेत. मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, भरती करणारे अधिकारी आहेत. ती मुलांच्या उपस्थितीची नोंद घेतात, गुणांची घेतात, उंची-वजनाची घेतात. तुला तुझ्या मित्राविषयी काय वाटते, हे कोणी विचारीत नाही.

आपल्या घरांतून आपण विचारतो तो प्रश्न निराळा असतो. निकालाच्या दिवशी मुलगा घरी येतो, आपले गुण सांगतो, आणि आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते, ‘आणि त्याला किती पडले?’ प्रश्न सहज असतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या एका प्रश्नाने आपण त्याच्या बरोबर चालणाऱ्या मुलाला त्याच्या बरोबरीला उभे करतो. ज्याच्याबरोबर तो सकाळी डबा वाटून खातो, त्याची संध्याकाळी जेवणाच्या पानावर तुलना होते. पोरगा काही बोलत नाही. भाताचा घास पुढे ढकलतो. हेवा वाईट असतो, असे त्याने पाठ केलेले असते, म्हणून तो वाटला तरी सांगायची सोय नसते. मग जे सांगता येत नाही ते कुठेतरी फांदी होऊन हलते.

अशा वेळी मुलाला उपदेश करून भागणार नाही. त्याच्यादेखत मोठ्या माणसाने एकदा सहज म्हणावे, की मलाही तुझ्या वयात अमक्याचा हेवा वाटत असे. आणि तो माझा चांगला मित्र होता. एवढ्याने मुलाला कळते, की ही गोष्ट बोलता येते, आणि बोलून झाल्यावरही मित्र मित्रच राहतो.

फिनी गेल्यावर जीन रडत नाही. ती आपलीच अंत्ययात्रा आहे असे त्याला वाटते, आणि स्वतःच्या मरणावर कोणी रडत नाही. पुढे तो आरमारात जातो, पण लढाईत त्याच्या हातून कोणी मरत नाही. पंधरा वर्षांनी तो शाळेत परततो, तेव्हा पावसाळी धुक्यात ते झाड हुडकून काढायला त्याला वेळ लागतो. एके काळी राक्षसासारखे भासलेले ते झाड आता इतर झाडांसारखेच एक दिसते, आणि जुन्या खुणा पाहून त्याला ते ओळखावे लागते. ज्याच्याशी लढायचे होते तो शत्रू बाहेर कधी नव्हताच, हे त्याला तोवर उमगलेले आहे. हे उमगण्यासाठी त्याने दिलेली किंमत आपल्या मुलांना द्यावी लागू नये, एवढ्यासाठी तरी घरातल्या मोठ्यांनी हे पुस्तक एकदा वाचावे. आणि वाचून झाल्यावर ते मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावे.